निसळ सरांचे उरलेले चार दिवस

निसळ सरांना फक्त तीस दिवस काढायचे होते. सव्वीस त्यांनी काढले होते. उरलेले चार मी घालवले, तेही फुशारकीच्या भरात, म्हणून हे लिहायला बसलोय.

केडगावात माझा इंटरनेटचा धंदा आहे. गच्चीवर चढायचं, वायरी ओढायच्या, घरोघरी राउटर बसवायचे. मूळचा मी मिरजगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. नगरला शाळेत आलो तेव्हा यज्ञेश्वर निसळ सर आम्हाला गणित शिकवायचे. मारायचे नाहीत, पण उत्तर चुकलं की असे बघायचे की मार परवडला असं वाटायचं. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. तपासणीला साहेब आले आणि वर्ग कसा आहे म्हणून विचारलं, तर आमच्यादेखत म्हणाले, "निम्म्यांना काही येत नाही." त्या निम्म्यांत मी होतो. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी कनेक्शन मीच जोडलं. राउटरबरोबर मिळणारं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारं माझं ते एकमेव गिऱ्हाईक.

सरांना एकच मुलगा, गंधार. पुण्याला नोकरीला. त्याच्याशी सरांचं बोलणं म्हणजे टायर बदललास का, रेनकोट घेतलास का, केस कधी कापणार. रागावणं हीच त्यांची माया होती, आणि ती पोराला कळायची असं मला वाटतं. निदान मी तरी आता तसंच धरून चाललोय.

गंधारच्या आईच्या, सुनीतीकाकूंच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. सकाळी नऊला दवाखान्यात पोचायचं होतं. गंधार आदल्या रात्री येतो म्हणाला आणि ऑफिसात अडकला. सकाळ झाली तरी त्याचा पत्ता नाही, म्हणून सात वाजून दहा मिनिटांनी सरांनी त्याला मेसेज टाकला. तोवर गंधार शिरूरजवळ एका उभ्या ट्रकला मोटारसायकल धडकून जागीच गेला होता. पहाटेच निघाला होता तो. सरांच्या फोनवर त्या मेसेजपुढे एकच टिक राहिली.

पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो. सरांनी मला अंगणात बाजूला घेतलं. "वैजनाथ, पाठवलेला मेसेज परत घेता येतो का रे?"

"येतो, सर. पण दोन दिवसांच्या आत."

"आणि तो पोचलाच नाही तर?"

"तीस दिवस वाट बघतो. मग आपोआप नाहीसा होतो."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले. मला वाटलं, एवढ्या दुःखात माणूस काहीही विचारतो. त्यांना काय हवं होतं ते मला फार उशिरा कळलं. तो मेसेज गंधारच्या फोनवर कधीच उमटू नये आणि काकूंपर्यंत जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. जगाकडून दुसरं काही मागायचं त्यांच्याजवळ उरलंच नव्हतं.

गंधारचा फोन पोलिसांनी घरी आणून दिला होता. काच तडकलेली, पण फोन चालू होत होता. सिमकार्ड ऑफिसचं होतं, ते बंद झालं. म्हणजे त्या फोनला नेट मिळणार ते फक्त घरच्या वाय-फायवरून. आणि काकूंना त्या फोनमधला फोटो हवा होता. महिन्याच्या श्राद्धाला पाटावर मांडायला फ्रेम करून घ्यायची होती. फोनमध्ये फोटो होते, पण नुसते पुसट, चिमुकले. खरे सगळे नेटवर साठवलेले. शिवाय तिथीनं महिना एकोणतिसाव्या दिवशीच भरत होता, सरांच्या हिशेबाच्या एक दिवस आधी.

काकूंचा फोन आला. "वैजनाथ, त्याचा फोन नेट धरत नाही रे."

पहिल्यांदा गेलो तेव्हा राउटरची पिन अर्धवट निघालेली होती. बसवली, पण त्याच संध्याकाळी परत तक्रार. दुसऱ्यांदा गेलो तर राउटर दिवाणखान्यातून उचलून आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला. लोखंडातून कसली रेंज येणार! "हा इथं कुणी आणला?" मी विचारलं.

"मी," सर म्हणाले.

"का, सर?"

सरांनी वर्तमानपत्र उचललं आणि तोंडापुढे धरलं. मी राउटर जागेवर नेऊन ठेवला. काकूंचा फोन चालत होता, सरांचा कॉम्प्युटर चालत होता. तेवढा गंधारचा फोन मात्र हट्टानं नेट धरत नव्हता. पासवर्ड बरोबर, रेंज पूर्ण, तरी नाही. मी हात टेकले आणि उद्या बघतो म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सव्विसाव्या दिवशी, फाटकातच शेजारच्या लंकाबाईंनी गाठलं. "काय रं वैजनाथ, निसळांकडं तुजं नेट लई बंद पडतंय म्हनं. आमी घेनार हुतो, आता बगू."

झालं! माझं डोकंच फिरलं. आज याचा छडा लावल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून मी सरांच्या कॉम्प्युटरपुढे बसलो. राउटरचं पान उघडलं. घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी असते तिथं. गंधारचा फोन त्या यादीत होता, पण त्याच्यापुढे मनाई लावलेली होती. हे आपोआप होत नाही. कुणीतरी मुद्दाम करावं लागतं, आणि कसं करायचं ते माहितीपुस्तकात शेवटून तिसऱ्या पानावर असतं.

सर माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले होते. "वैजनाथ, आज राहू दे," ते म्हणाले. "चार दिवसांनी ये."

"चार दिवसांनी कशाला, सर? सापडलंय की! एका क्लिकचं काम हाय."

गणिताच्या मास्तरांनी मला आकडा सांगितला होता. सव्वीस आणि चार. तीस दिवस मीच सांगितले होते त्यांना, अंगणात उभा राहून. ही बेरीज पहिलीतल्या पोराला येते. मी क्लिक केलं.

काकूंच्या हातातला तो फोन वाजायला लागला. एकामागून एक, थांबेचना. सव्वीस दिवसांचे मेसेज येत होते. काकूंनी आधी फोन छातीशी धरला, मग माझ्यापुढे केला. "कोणाकोणाचे आहेत रे? मला दिसत नाही. वाच."

ऑपरेशन राहूनच गेलं होतं. मी जसे दिसतील तसे एकेक वाचायला लागलो. ऑफिसातल्या कुणाचा: निघालास का? मित्राचा: गंध्या, फोन उचल. मग त्याच मित्राचे तेच शब्द पाच वेळा. काकू प्रत्येकाला मान डोलवत होत्या, जणू पाहुण्यांना या बसा म्हणत होत्या. त्यानंतर नाव आलं, 'बाबा'. वेळ सात दहा.

मी मनातल्या मनात वाचलं आणि मला सगळं कळलं. पिन, कपाट, मनाई, चार दिवस. "हा जाहिरातीचा आहे, काकू," मी म्हणालो.

"जाहिरातीचा नाही," सर म्हणाले. "माझा आहे."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. चष्मा लावलेला नव्हता, आणि लागणारही नव्हता. वर्गात उदाहरण वाचून दाखवावं तसं त्यांनी एकेक शब्द सुटा म्हटला. "तुला आईपेक्षा ऑफिस मोठं. तुझ्यावाचून इथं कुणाचं काही अडत नाही. येऊ नकोस."

मग ते कॉटच्या कडेला बसले. "त्यानं हे वाचलेलं नाही, सुनीती," ते म्हणाले. "आत्ता पोचलाय. त्यानं नाही वाचलं." हेच ते तीन-चार वेळा म्हणाले. सरांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

काकू सावकाश उठल्या. चाचपडत त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मी त्याला पहाटे साडेचारला फोन केला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात. बाबा चिडतील म्हटलं, लवकर ये. तो म्हणाला, आई, अजून अंधार आहे, उजाडल्यावर निघतो. मी म्हटलं, अंधाराचं काय घेऊन बसलास, आत्ताच्या आत्ता नीघ."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. सव्वीस दिवस दोघं एका घरात होते, एका ताटलीतून औषधं घेत होते, आणि एकमेकांशी यातलं काही बोलले नव्हते.

काकूंनी सरांचा हात धरला. "तुम्ही निदान येऊ नकोस म्हणालात हो," त्या म्हणाल्या.