केरूने उघडलेलं मशीन

केरू मुंबईच्या एका कारखान्यात फिटर होता. पंच्याऐंशी साली कारखाना बंद पडला आणि तो पालीजवळच्या आपल्या वाडीत कायमचा परतला. शेतीत त्याचा हात नव्हता. एकच मान उरला होता, तो म्हणजे त्याला यंत्रं कळतात. कुणाचा पंप अडला की लोक म्हणत, "केरूला बोलवा." मग तो पान्यांची पिशवी खांद्याला लावून, जरा जास्तच सावकाश चालत जायचा.

त्याच वर्षी गणपती गेल्यावर त्याची बायको गोदा पाखाडीवरून घसरली. पायऱ्यांच्या जांभ्या दगडावर शेवाळ धरलं होतं. उजवा हात मोडला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टर घातलं. त्यावरून चोळी चढेना. केरूचा सदरा घालून पाहिला, तर बाही कोपरातच अडकली. दिवसा ती पदर गुंडाळून कशीबशी वावरे, पण झोपेत तो सुटायचा आणि अंग उघडं पडायचं. लेक खेडला नांदत होती. घरात दोघंच.

"झोपताना घालायला रुंद बाहीचा, समोरून उघडा सदरा हवा," गोदा म्हणाली. "पालीच्या शिंप्याकडून शिवून आणा."

"शिंपी कशाला? घरात मशीन आहे, मी आहे."

मशीन गोदाचं होतं. पायाने चालवायचं, तिच्या भावाने, आप्पाने, हौसेने घेऊन दिलेलं. अर्ध्या वाडीच्या पोरींची परकर-पोलकी त्यावर शिवली गेली होती. केरूने मात्र त्याला कधी हात लावला नव्हता.

गोदाने आपलं जुनं मऊ लुगडं काढायला लावलं. डाव्या हाताने खडूच्या वाकड्यातिकड्या रेघा मारून दिल्या. केरूने त्यावरून कापलं. इथवर ठीक झालं. मग तो पडवीत मशीनवर बसला आणि गोदा आतल्या खोलीत जाऊन पडली.

चार टाके गेले नाहीत तोच कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला. त्याने तो कापून काढला. पुन्हा तेच.

"अहो," आतून गोदाचा आवाज आला, "कापड दाबायची पट्टी खाली केलीत काय?"

केली नव्हती. पण केरू म्हणाला, "मला शिकवू नको गो. जन्म मशिनात गेला माझा."

रागाच्या भरात त्याने अडकलेलं कापड ओढलं आणि सुई मोडली. नवी सुई लावली ती उलटी. आता टाकाच पडेना. गोदाला विचारलं असतं तर तिने पडल्या पडल्या सांगितलं असतं. पण विचारणार कसं? त्याने पिशवीतून पेचकस काढला. एक स्क्रू सोडवला, मग दुसरा. एक बारीकशी स्प्रिंग टुणकन उडाली आणि कुठे गेली ते कळलं नाही. पुन्हा सगळं जोडलं, तेव्हा चाक जागचं हलेना.

"आतून झिजलंय," तो आत जाऊन म्हणाला. "पालीला दाखवून आणतो."

"बघा," गोदा म्हणाली.

मशीनचं डोकं गोणपाटात बांधून तो एसटीने पालीला गेला. बाजारात गनीभाईचं दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात दोघं-तिघं बसले होते. त्यातल्या एकाचा पंप केरूनेच महिन्यापूर्वी चालू करून दिला होता. गनीभाईने मशीन उलटं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कुणी उघडलं?"

सगळ्यांनी केरूकडे पाहिलं.

"मेव्हण्यानं," केरूच्या तोंडून निघून गेलं. "आप्पानं. काही कळत नसताना हात घातलान् त्यानं."

"आप्पानं?" गनीभाई एवढंच म्हणाला आणि कामाला लागला.

मशीन नीट झालं. पण पाली गाव ते केवढं! दुसऱ्याच बाजाराला आप्पाच्या कानावर सगळं गेलं. तो शेजारच्या वाडीतला, मवाळ बोलणारा, शेतीत रमणारा माणूस. बहिणीला बघायला म्हणून आला, येताना परसातलं तवसं, भली मोठी काकडी, घेऊन आला. त्याला समोरून येताना पाहून केरू दारातच थबकला.

"आप्पा, तू दिलेल्या मशीनला काय झालेलं रे?" गोदाने विचारलं. "गनीभाई काही बोलला काय?"

केरू दारात उभा होता. आप्पाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या तवशाकडे.

"मीच मागे तेल घालायला उघडलं होतं गो ताई. बसवताना चुकलं असेल माझं."

आप्पाने चारचौघांत फाडफाड बोलून घेतलं असतं तर केरूने ते सोसलं असतं. हे सोसवेना. पाणी आणतो म्हणून तो मागच्या दारी गेला आणि भरलेला तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. आप्पाने निघताना हाक दिली, "येतो भावोजी," तेव्हाही त्याला पुढे यायचं धाडस झालं नाही.

मग तो गोदापाशी जाऊन बसला.

"आप्पानं नाही उघडलं. मी उघडलं."

"ठाऊक आहे. हाड मोडलंय माझं, कान नाही. एकेक स्क्रू खाली पडलेला ऐकत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगता काय, बघत होते. पण आप्पाला खिळा कुठला नि स्क्रू कुठला, तेसुद्धा कळत नाही. त्यानं अंगावर घेतलं, तेव्हा समजलं, तुम्ही पालीत काय सांगून आलात ते."

केरू उठला. मशीन ओढत आणून त्याने तिच्या खाटेशी लावलं. ती सांगत गेली, तो तसं करत गेला. पट्टी खाली. पाय सावकाश. कापड ओढू नका, ते आपलं आपण सरकतं. सदरा झाला. शिवण नागमोडी, एक बाही बोटभर लांब. पण प्लास्टरचा हात त्यात अलगद गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आनंदीबाई गोदाला बघायला आल्या. "कुणी शिवला गो सदरा?"

"ह्यांनी."

"केरूला काय, मशीन म्हणजे त्याच्या हातचा मळ," आनंदीबाई कौतुकाने म्हणाल्या. केरू पायात चपला सरकवून घराबाहेर पडला.

तो थेट आप्पाकडे गेला. वाटेत काय बोलायचं ते त्याने पुन्हा पुन्हा जुळवलं होतं. आप्पाने चहा ठेवायला सांगितला. भात कसा पोसवलाय, रानडुकरं किती येतात, यावर बोलणं झालं. कप रिकामा झाला तरी पालीची गोष्ट केरूने काढलीच नाही. शेवटी तो उठला.

आप्पा त्याच्याबरोबर आवाराच्या दगडी गडग्यापर्यंत आला.

"ताईचा सदरा झाला काय?"

"झाला."

"हात जातो ना त्यात?"

"जातो."

"मग झालं तर," आप्पा म्हणाला, आणि गुरांना पाणी दाखवायला वळला.