आधी फेडलेला नवस

घाण्याचा बैल विकला त्या दिवशी आमच्या घरात कोणी रडलं नाही. रडणं वर्षभर आधीच उरकलं होतं. जवळपास तेलाची गिरणी निघाली, दुकानात डब्यातलं तेल स्वस्त मिळू लागलं, आणि चौलच्या आमच्या घाण्यावर तीळ नि खोबरं घेऊन येणारी माणसं एकेक करून येईनाशी झाली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले यहुदी. शनिवार हा आमचा पवित्र दिवस, तेव्हा घाणा बंद ठेवतो म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणतं. माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्या वडिलांनी आणि त्यांच्याही आधीच्या माणसांनी ह्याच लाकडी घाण्याभोवती बैल फिरवून संसार केले. माझ्या नवऱ्याच्या वाट्याला मात्र नुसतं लाकूड आलं. त्याच सुमारास आमच्यातली कुटुंबं इस्राएलला जायला निघाली होती. आम्हीही जायचं ठरवलं. मोठी मुलगी नुकती शाळेत जाऊ लागली होती, मुलगा त्याहून लहान, आणि धाकटी अंगावर पीत होती.

मी मुळात भाबडी बाई नाही. चूल पेटली की नाही ते आधी बघावं आणि देवाचं नाव नंतर घ्यावं, असा माझा स्वभाव. त्यामुळे सगळे जण पूर्वजांच्या भूमीबद्दल बोलत असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तिथे ह्यांना काम कोण देणार? हातात नोकरी नाही, ओळख नाही, आणि भाषा तर मुळीच नाही. हिब्रू प्रार्थना आम्हाला तोंडपाठ होत्या, पण त्या भाषेत प्यायला पाणी कसं मागायचं ते घरात एकालाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या वाडीतली काशीबाय नारळ सोलता सोलता माझी चेष्टा करायची. म्हणायची, "बाय गो, तिकडं तुजं कोन हाय?" मी सांगितलं, सगळी आपलीच माणसं आहेत. त्यावर ती म्हणाली, "आपली हायत म्हनून काय रोज जेवाया घालनार हायत? भाकर मागशील कशी, थाळी वाजवून?" मी हसले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ती बोलली ते खरं होतं.

निघण्याआधी सासूबाई आम्हाला अलिबागजवळ खंडाळ्याला घेऊन गेल्या. तिथे एक खडक आहे. एलियाहू हन्नबी स्वर्गात जाताना त्याच्या घोड्याच्या टापा तिथे उमटल्या, असं आमच्याकडे मानतात. हा संदेष्टा मेला नाही, तो कोणत्याही रूपाने अडलेल्याच्या दारी येतो, ही आमच्या लोकांची श्रद्धा, आणि त्याच्या नावाने आम्ही मलिदा करतो. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ आणि फळं एका ताटात मांडायची, पुरुषांनी प्रार्थना म्हणायची, मग सगळ्यांना वाटायचं. सासूबाईंनी खडकावर हात ठेवून नवस बोलला: माझ्या लेकाला काम लागू दे, त्याचं बस्तान बसू दे, मग तिथे तुझा मलिदा घालू. त्या मोठ्या दिरांकडे राहणार होत्या, म्हणून नवस फेडायचं काम माझ्या अंगावर आलं. त्यांनी घरच्या भाताचे पोहे स्वतः कुटून, उन्हात वाळवून डब्यात भरले आणि सोबत सुकं खोबरं नि गूळ दिला. हे नवसाचे, मुलांनी कितीही मागितले तरी द्यायचे नाहीत, असं बजावलं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या डब्याच्या जागी दोन पातेली बसली असती, असा विचार माझ्या मनात चालला होता.

बोटीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सगळ्यांना उलट्या झाल्या, एवढं पुरे. बंदरात उतरल्यावर एका कारकुनाने दुभाष्यामार्फत ह्यांना विचारलं, काय काम येतं? आता, मुंबईत बोटीची वाट बघत नातेवाइकांकडे राहिलो होतो, तेव्हा तिथली पोरं ह्यांना "घाणेवाले काका" म्हणून चिडवायची. ते ह्यांना फार लागलं होतं. शिवाय नव्या देशात बैलाचा घाणा कोण विचारणार? म्हणून हे म्हणाले, "मजुरी." कारकुनाने ते लिहून घेतलं आणि आम्हाला डोंगरातल्या एका नव्या वस्तीत पाठवलं. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या. डाव्या हाताला मोरोक्कोहून आलेली सुलताना नावाची बाई तिच्या सहा मुलांसह, उजव्या हाताला रुमानियाचं एक अबोल जोडपं, समोर येमेनची माणसं. सगळे यहुदी, आणि कोणाचं बोलणं कोणाला कळत नाही. मराठी बोलणारं माणूस एकच, पेणचे म्हातारे बेन्यामीनकाका. गंमत म्हणजे शनिवारी सगळं गावच बंद. ज्या एका गोष्टीने आम्ही आमच्या गावात वेगळे ठरायचो, तीच तिथे कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

सुरुवातीला ह्यांना रस्त्यावर दगड फोडायचं काम मिळालं. ते संपलं, आणि पुढचं येईना. रोज सकाळी कामाच्या कचेरीपुढे जाऊन उभं राहायचं, नावं पुकारली जायची, आपलं आलं असेल तरी उच्चारावरून कळायचं नाही, आणि दुपारी परत यायचं. हे हळूहळू बोलेनासे झाले. एक दिवस म्हणाले, थंडीच्या आत काम मिळालं नाही तर आपल्याला परत पाठवा म्हणून अर्ज करतो. मला धडकीच भरली. बैल विकलेला, घर दिरांच्या हवाली केलेलं, परत जाऊन करणार काय? इथे मुलगी शाळेतून रोज एक नवा शब्द घेऊन यायची, आणि तिचा बाप तिच्याकडे पाठ करून बसायचा. मी रोज पहाटे एलियाहू हन्नबीला सांगायचे, बाबा, तुझा मलिदा तयार आहे, तू तेवढं तुझं काम कर. बाजारात भाव करावा तसं माझं बोलणं होतं.

अशात एक दिवस मी नवसाचा डबा उघडला. बोटीवरचा दमटपणा, मग उन्हाळा. पोह्यांना वास लागू लागला होता आणि एका कोपऱ्यात जाळं धरलं होतं. मी ते चाळले, निवडले, उन्हात टाकले. पुष्कळसे चांगले होते, पण अजून महिना काढतील असे नव्हते. अन्न वाया जाणं मला सहन होत नाही. पण हे पोहे नवसाचे, नुसते खाऊन टाकायचे कसे? मी ठरवलं, मलिदा उद्याच करायचा. ह्यांना सांगितलं तर चिडले.

"काम मिळालं नाही, बस्तान बसलं नाही. नवस फेडायचा कशाबद्दल?"

"पोहे थांबायचे नाहीत," मी म्हटलं.

हे कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "आईला कळवू नको."

दुसऱ्या दिवशी पोहे भिजवायला बसले तेव्हा मात्र माझं मलाच काहीतरी निराळं वाटलं. इतके दिवस मी देवाशी देण्याघेण्याची भाषा केली होती. आता द्यायचं ते देऊन टाकत होते आणि मागायला हाताशी काही शिल्लक राहणार नव्हतं. मी मनात म्हटलं, हे तुझंच होतं, घे. काम मिळालं तर मिळालं, नाही मिळालं तर तुझी मर्जी. ओझं उतरवून ठेवल्यावर खांदे हलके होतात तसं झालं, एवढंच.

फळांसाठी मी सुलतानाकडे ताट घेऊन गेले. बोलता येईना, म्हणून ताट दाखवलं आणि म्हटलं, "एलियाहू." तिचा चेहरा खुलला. तिने डाळिंबं दिली, समोरच्यांनी खजूर दिले, कोणी अंजीर आणून ठेवले. ते एक नाव सगळ्यांना कळत होतं. राहिला प्रश्न पुरुषांचा. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बेन्यामीनकाका संध्याकाळी दारोदार फिरून माणसं ओढून आणत होते, पण कोण बाहेरगावी, कोण आजारी, नऊच्या पुढे संख्या जाईना. सूर्य डोंगराला टेकला. मुलं ताटाभोवती घिरट्या घालू लागली. तेवढ्यात वस्तीच्या तोंडाशी एक लॉरी येऊन थांबली. चालक खाली उतरून रस्ता विचारू लागला. जाडजूड माणूस, मोठ्या मिशा, अंगावर डागाळलेला सदरा. काकांनी त्याची बाहीच धरली. तो लॉरीकडे आणि मावळत्या उन्हाकडे हात करून घाई असल्याचं सांगत होता. काकांनी एलियाहूचं नाव घेतलं, तसा तो थांबला, खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि आत आला.

प्रार्थना अशी झाली की प्रत्येक जण आपापल्या देशाच्या चालीत म्हणत होता, आणि एलियाहूचं नाव आलं की सगळे एकत्र येत. मग वाटप. चालकाने दोनदा मागून घेतलं. हे त्याला पाणी द्यायला वाकले आणि तसेच थांबले. त्याच्या बाहीजवळ नाक नेऊन हुंगू लागले. मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. हे तडक बाहेर गेले, लॉरीवर चढले, एका पोत्यातून हिरवी-काळी फळं मूठभर काढली. त्यातलं एक बोटांत चिरडलं, तळहातावर चोळलं, वास घेतला आणि जिभेला लावलं. ती जैतूनाची, म्हणजे ऑलिव्हची फळं होती. आम्ही जन्मात पाहिली नव्हती, पण त्यात तेल आहे हे तेल्याला सांगावं लागत नाही.

चालक मागोमाग धावत आला, चोरी समजून ओरडलाही. तेव्हा ह्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बोलता येत नव्हतं, म्हणून ह्यांनी तिथल्या धुळीत घाणा सुरू केला. एक हात दांडीवर ठेवल्यासारखा धरून हे गोल गोल चालू लागले. नसलेल्या बैलाला जिभेने टकटक आवाज करत हाकत होते, मध्येच वाकून नसलेल्या घाण्यातली पेंड मोकळी करत होते, ओंजळीत धार धरून दाखवत होते. सगळी वस्ती हसायला लागली. मुलगा तर बैल होऊन बापाच्या पुढे चालू लागला. मुंबईतल्या पोरांच्या एका शब्दाने खाली घातलेली ती मान आता ताठ होती, आणि इतक्या लोकांच्या हसण्याने ती जराही झुकली नाही. हसला नाही तो एकटा चालक. त्याने ह्यांचा तेलकट हात उलटा करून पाहिला, मग लॉरीत स्वतःच्या शेजारच्या जागेवर थाप मारली, आणि उद्या सूर्य उगवला की न्यायला येतो, अशा अर्थाने डोंगरापलीकडे बोट दाखवलं.

सकाळी तो खरंच आला. दोन डोंगर ओलांडून जैतूनाच्या तेलाचा कारखाना होता, हंगामाची धांदल चालू होती, आणि त्यांना माणसं हवीच होती. हे आधी पोती वाहत, मग यंत्रापाशी उभे राहू लागले. हंगाम संपल्यावर बाकीच्या हंगामी माणसांना निरोप दिला, ह्यांना ठेवून घेतलं. परतीचा अर्ज लिहायचा राहिला तो राहिलाच. दोन हंगामांनी आम्ही पत्र्याच्या खोलीतून दगडी घरात आलो. आज त्या कारखान्यात एका पाळीचं सगळं काम ह्यांच्या नजरेखाली चालतं, आणि काय काम करता असं कोणी विचारलं तर हे छाती काढून सांगतात, तेली.

तो चालक कोण, असं लोक मला डोळे विस्फारून विचारतात. तो इराकचा. पुढे आमच्या घरचाच झाला. जेवायला येतो, भांडतो, जेवण झालं की घोरतो. एलियाहू घोड्यावरून येतो असं ऐकलं होतं, असं मी एकदा म्हटलं तर हे म्हणाले, "आता इतकी माणसं अडलेली, घोड्याने कुठे पुरं पडणार? लॉरी घेतली असेल." भाषा आल्यावर मी त्या चालकालाच विचारलं, त्या संध्याकाळी आमच्या वस्तीकडे वळलास कसा? तो म्हणाला, त्या रस्त्याने कित्येक वर्षं जातोय, वळण त्याआधी कधी चुकलं नाही आणि त्यानंतरही चुकलं नाही. मग त्याने लोणचं मागितलं. मी वाढलं. त्यापुढे मी कधी खोदून विचारलं नाही. ज्याला जे मानायचं ते त्याने मानावं.

मी दरवर्षी जैतूनाचा हंगाम सुरू झाला की मलिदा करते. आता दहा पुरुषांसाठी धावाधाव करावी लागत नाही, उलट अंगण पुरत नाही. यंदा सुलताना डाळिंब सोलता सोलता मला विचारत होती, ह्या वेळी काय मागितलंस? आम्ही दोघी आता हिब्रूत बोलतो, दोघींची मोडकीतोडकी, पण भांडायलाही पुरते. मी म्हटलं, काही नाही. तिला ते खरं वाटेना. म्हणाली, "मग एवढं खोबरं कशाला?"

मी खोबरं किसत राहिले, कारण ते सांगायला मला मराठीच हवी. एकदा मी न मिळालेल्या गोष्टीबद्दल आधीच देऊन मोकळी झाले, तेव्हापासून मागण्याची सवयच सुटली. काम आपण करायचं, ताट आपण मांडायचं, दार उघडं ठेवायचं. कोण येईल ते ठरवणं माझ्याकडे नाही, आणि ते माझ्याकडे नाही याचं मला आता फार सुख वाटतं.