कुंपणीचा फ्रीज

जगातल्या तमाम परदेशी कंपन्या एका बाजूला आणि आमचे थोरले साडू दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली तर मी डोळे मिटून साडूंच्या बाजूने उभा राहीन. ते जिंकतील म्हणून नव्हे, तर हरले तरी कबूल करणार नाहीत म्हणून. उस्मानपुऱ्यात त्यांचं किराणा दुकान आहे. कंपनीला ते 'कुंपणी' म्हणतात, तेही शेतात रानडुक्कर घुसल्याची बातमी द्यावी तशा आवाजात. गंमत म्हणजे दुकानातला निम्मा माल कुंपणीचाच. पण तो सुखासुखी कुणाच्या पदरात पडत नाही. शाम्पूची पुडी मागणाऱ्या बाईला आधी त्या पुडीचा नफा कोणत्या देशात जातो ते ऐकावं लागतं, तोवर घरी पोरगी साबणानं डोकं धुऊन मोकळी होते. आमच्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यातला पावडरचा डबा उलटा करून चष्म्याशी धरला आणि भर समारंभात जाहीर केलं, "नाव देशी, पण सारं सातासमुद्रापार जाणार!" बायकांना वाटलं, मुलीचं भविष्य सांगताहेत.

अशा माणसाने कुंपणीचा फ्रीज दुकानात ठेवून घेतला तेव्हा आम्ही थक्क झालो. शीतपेयवाल्या एका परदेशी कंपनीने तो फुकट दिला होता. अट एकच, आत फक्त त्यांच्याच बाटल्या. साडूंनी वरच्या फळीवर दोन-चार बाटल्या पाहुण्यांसारख्या बसवल्या आणि खाली ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, केलेला मठ्ठा, फुलवालीचे गजरे आणि शेजारी राहणाऱ्या, साऱ्या गल्लीच्या मावशी असलेल्या खालांचं इन्सुलिन ठेवलं. खालांचा घरचा फ्रीज जळाला होता.

ऐन मे महिन्यात कंपनीचा साहेब तपासणीला आला. तरणाच होता, घामानं निथळत होता. "काका, हे सगळं काढा. नाहीतर फ्रीज उचलावा लागेल."

"फ्रीज तुमचा, पण लाइट कुणाची? दुकान कुणाचं?" साडू कडाडले. "आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, अन् तुमच्या बाटलीला रोज मिळतं! वर आमच्या फ्रीजात काय ठेवायचं ते बी तुमीच सांगणार व्हय?"

खाला कळवळून म्हणाल्या, "भाईसाब, मेरी दवा निकाल लो. मेरे वास्ते नुकसान नक्को करो."

"दवा नाय निघणार, खाला. फ्रीज निघंल."

साहेब रडवेला झाला. "काका, मला वर उत्तर द्यावं लागतं हो."

साडू एकदम नरमले. "तुझ्यावर राग नाय रे लेकरा. बस. मठ्ठा पी." तो दोन पेले प्यायला आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. साडूंनी फ्रीज आतून-बाहेरून स्वच्छ पुसला. "दुसऱ्याची वस्तू मळकी देऊ नाय," म्हणत स्वतः गाडीपर्यंत ढकलला. इन्सुलिन माझ्या बायकोने आमच्या घरी नेलं.

थंड बाटलीची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, ती गेलीच. माठातला मठ्ठा दुपारपर्यंत आंबायचा. एका दुपारी मी गेलो, तर दुकानात फक्त साडू आणि पायरीवर टेकलेल्या खाला. मी हळूच विचारलं, "पस्तावा होतो का?"

"पस्तावा नाय," ते म्हणाले. "गरमी लई होतीय."

आणि हातातल्या पुठ्ठ्यानं त्यांनी आधी खालांना वारा घातला, मग स्वतःला.