बिरूचा काळा बेदाणा

बिरू पाहुण्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नसे, आणि घरात जे खाई ते पाहुण्याला कधी देत नसे. जतकडच्या त्याच्या बेदाणा वाळवायच्या शेडमध्ये दोन डबे असत. मोठ्या डब्यात गंधकाची धुरी दिलेला पिवळाधमक बेदाणा, लहान डब्यात बिनधुरीचा, काळपट. "पिवळा पावण्याला, काळा घरच्याला," असे तो सांगे. पाहुण्यापुढे काळा ठेवणे त्याच्या लेखी अपमान होता.

पलटणीत मी सुभेदार, तो माझ्या हाताखाली नाईक होता. घराणे मेंढपाळांचे. निवृत्तीनंतर त्याने द्राक्षबाग लावली, मी कोरेगावला परतलो. दर उन्हाळ्यात त्याच्याकडून पिवळ्या बेदाण्याची पेटी येई. मी रोज सकाळी वीस बेदाणे खाई. नियम म्हणजे नियम.

पुढे माझे पोट बिघडले. मुरडा, फुगारा, जुलाब. साताऱ्यात सर्व तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. वजन मात्र घटत गेले. मी इच्छापत्र करून ठेवले आणि सांगलीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, "रोज न चुकता काय खाता?" बेदाणे म्हटल्यावर ते म्हणाले, "माल टिकावा म्हणून देतात ते गंधक एखाद्याला सोसत नाही. कुणाला नुसता सुका मेवाही सोसत नाही. आधी सगळे बंद करा. मग एकेक खाऊन पाहा."

बंद केल्यावर पोट शांत झाले. पुढची परीक्षा बिरूच्या शेडवरच द्यायचे मी ठरवले. त्याच्या मालावर ठपका ठेवायचा तर त्याच्या समक्ष.

तो संतापला. "साब, माजा माल? आख्खा मुलूख खातूय, कुणी वरडत न्हाई. तुमचं पोटच सुभेदार हाय, जरा कुटं काय झालं की रिपोर्ट करतंय!"

जाळीवरचा बेदाणा झाडत त्याची बायको हिराबाई म्हणाली, "एवडा ग्वाड हाय, तर तुमी का काळा खाताय वो?"

बिरू तणतणत पेट्या मोजायला गेला.

चार दिवस मी काळा खाल्ला. काही झाले नाही. पाचव्या दिवशी पिवळा खाल्ला आणि दुपारी संडास गाठला. दाराबाहेर बिरू बादली घेऊन उभा होता.

"साब, आत बरं हाय न्हवं?"

"नाही."

"म्हंजी आमचाच माल."

"होय."

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. "इतकी वर्सं म्या तुमास्नी हौसेनं इख धाडलं."

"विष नव्हे. मला सोसत नाही, एवढेच," मी आतून म्हणालो.

धुरी त्याने सोडली नाही, बाजाराला पिवळाच लागतो. मात्र त्यानंतर शेडवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आधी विचारी, "पोट कसं हाय तुमचं?" व्यापारी हसत. तो हसत नसे. आणि मला येणाऱ्या पेटीत काळा बेदाणा येऊ लागला.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने तो गेला. दिवसकार्याला मी गेलो. मांडवात चहाबरोबर पिवळ्या बेदाण्याच्या बशा फिरत होत्या. माझ्यापुढे बशी आली तोच हिराबाई उठल्या, त्यांनी ती उचलून शेजाऱ्याला दिली आणि लहान डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

मी वीस बेदाणे खाल्ले. पोटाची तक्रार नव्हती.