लग्न झालेलं नाही, म्हणून पोटावरूनच

"बॉर्डरलाइन ओव्हेरियन ट्यूमर," डॉक्टर म्हणाले. पोट माझं होतं, टाके माझे होते, पण ते बघत होते माझ्या वडिलांकडे.

बॉर्डरलाइन म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण मला ते समजायला फार वेळ लागला. ही अंडाशयातली गाठ. साधीही नाही आणि सरळ कॅन्सरही नाही, मधली. बहुतेक वेळा जीव घेत नाही, पण परत येऊ शकते. 'येऊ शकते' हे दोन शब्द घेऊन पुढची वर्षं जगायची असतात.

त्याआधी काही महिने माझं पोट फुगत होतं. जीन्सचं बटण लागेना. मी हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचे. कंपनीच्या बसमधल्या मैत्रिणी म्हणायच्या, "कॅन्टीनचा पराठा बंद कर." मी पराठा बंद केला, ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात मोठी गाठ दिसली आणि कोथरूडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं.

मी सव्वीस वर्षांची होते, म्हणून 'फर्टिलिटी प्रिझर्व्हिंग सर्जरी' केली. म्हणजे पुढे मूल होण्याची शक्यता राखून केलेली शस्त्रक्रिया. डावं अंडाशय आणि त्याची नळी काढली. उजवं अंडाशय आणि गर्भाशय ठेवलं.

"परत येईल का?" मी विचारलं.

"हे बघा," डॉक्टर बाबांना म्हणाले, "गाठ दोन्हीकडे असती, काढताना फुटली असती, बाहेर पसरली असती, तर धोका जास्त. हिच्या बाबतीत यातलं काही नाही. पण एक अंडाशय ठेवलंय, म्हणजे परत येण्याची जागाही ठेवलीय. कोणाला येईल आणि कोणाला नाही, हे आज कोणीच खात्रीनं सांगू शकत नाही. आपल्या हातात एवढंच, की बघत राहायचं."

बघत राहायचं. हे शब्द मी घट्ट धरले.

माझ्या बाबांविषयी सांगायला हवं. त्यांचा पर्वती पायथ्याला छोटा छापखाना होता. दिवसा लग्नपत्रिका छापायचे आणि उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं. वस्तीत पाणी येत नाही, पत्रक. मुलीला शाळेतून काढलं, पत्रक. शाई ओली असताना घडी घालायची नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. बाईच्या शरीरावर हक्क बाईचाच, हे वाक्यसुद्धा मी पहिल्यांदा बाबांच्या पत्रकात वाचलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळत नव्हता. घडी मात्र मी सरळ घातली होती.

दर काही महिन्यांनी तपासणी सुरू झाली. सीए-१२५ नावाची रक्ततपासणी, आणि सोनोग्राफी. रक्ताची तपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. या गाठीत ती पुष्कळदा नॉर्मलच येते. खरी भिस्त सोनोग्राफीवर.

सोनोग्राफी सेंटरची वेटिंग रूम म्हणजे सगळ्या गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा. भिंतीवर गर्भलिंग निदान केलं जात नाही अशी पाटी. मी पाणी पिऊन, लघवी दाबून बसलेली. शेजारच्या कोणीतरी काकू हमखास विचारायच्या, "कितवा?" मी म्हणायचे, "दुसरा. फॉलोअप." त्या कौतुकानं हसायच्या.

काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला. नाव नाही, आजार नाही. "मॅरिड की अनमॅरिड?"

"अनमॅरिड."

मग आतल्या मॅडम पोटावर गार जेल लावून यंत्र फिरवायच्या. "गॅस आहे पोटात. उजवं अंडाशय नीट दिसत नाहीये." आणि जाताना म्हणायच्या, "ठीक आहे सगळं."

दोनदा मी ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा डोकं फिरलं. माझं कामच टेस्टिंगचं. जे उघडून पाहिलं नाही त्याच्यापुढे 'पास' लिहिलं असतं, तर आमच्या टीम लीडनं सगळ्यांसमोर माझी अब्रू काढली असती. इथे माझं एकुलतं एक अंडाशय होतं, आणि ते न बघता पास होत होतं.

"मॅडम, दिसत नाहीये तर ठीक कसं?"

"अहो, पोटावरून एवढंच दिसतं. ट्रान्सव्हजायनल केली की स्पष्ट दिसतं." म्हणजे योनीमार्गातून बारीक दांडी आत घालून जवळून घेतलेलं चित्र.

"मग ती करा."

"लग्न झालेलं नाही ना तुमचं."

"तुमच्या मशीनला लग्नपत्रिका दाखवावी लागते का?"

मॅडम रागावल्या नाहीत. मुकाट्यानं दार उघडून त्यांनी बाहेर बसलेल्या बाबांना हाक मारली. माझ्या पोटावर जेल तसंच. पडद्याबाहेर त्यांनी खालच्या आवाजात समजावलं, आणि खिशाला पेन लावलेले माझे बाबा, ज्यांनी कलेक्टर कचेरीसमोर उपोषणं केली, ते म्हणाले, "नको मग. लग्न व्हायचंय अजून तिचं."

मी कपडे सावरून बाहेर आले. घरी जाताना बसस्टॉपवर मी भांडले. लोक बघत होते. बघू देत.

"बाबा, काय होणार होतं?"

"तसं रिपोर्टवर लिहितात, आतून केली म्हणून. उद्या स्थळ आलं, कोणी पाहिलं तर?"

"मंत्र्यांना घाबरला नाहीत कधी. आणि न आलेल्या स्थळाला घाबरता?"

बस आली, आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "मी केव्हाच हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण मला विचारतंय कोण? मी काय पत्रकं लिहिते?"

पुढच्या शनिवारी मी एकटी सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या सेंटरला गेले. तिथल्या डॉक्टर वयस्क होत्या. त्यांनीही लग्नाचं विचारलं, मी नाही म्हटलं. त्यांनी फक्त पुढचा प्रश्न विचारला, "आतून तपासलेलं तुम्हाला चालेल का? थोडं अवघडल्यासारखं वाटेल. थांबा म्हणालात की मी थांबेन."

इतकं सोपं होतं ते. एक प्रश्न, आणि तो मला विचारलेला.

त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग स्क्रीन माझ्याकडे वळवला. उजव्या अंडाशयात एक छोटी गाठ होती. पाण्याचा फुगा, आणि आतल्या भिंतीला चिकटलेला दाण्याएवढा उंचवटा. "ही आधीची असावी. पोटावरून हिचा पत्ता लागला नसता."

मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडण्याला जागा नव्हती. गाठीवर राग नाही. गाठीला कुठे अक्कल असते? राग होता त्या सगळ्या शिकलेल्या माणसांवर, ज्यांनी माझ्या आरोग्याच्या वर माझ्या लग्नाची काळजी ठेवली. ज्या अंडाशयाला मूल होण्यासाठी वाचवलं, त्याच्याकडे लग्नाआधी नीट बघायचं नाही! म्हणजे वाचवलं कोणासाठी? माझ्यासाठी, की न आलेल्या नवऱ्यासाठी?

कोथरूडच्या सर्जनना मी हेच विचारलं. बाबाही होते, मीच बोलावलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अनमॅरिड मुलींना आम्ही सहसा सुचवत नाही. घरच्यांना आवडत नाही."

"पेशंट घरचे आहेत का?"

ते म्हणाले, "नाही. चुकलं आमचं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

मग सवयीनं ते बाबांकडे वळले आणि पुढचं ऑपरेशन समजावू लागले. 'सिस्टेक्टॉमी', म्हणजे अंडाशय ठेवून फक्त गाठ सोलून काढायची. त्यात परत येण्याचा धोका पूर्ण अंडाशय काढण्यापेक्षा जास्त, पण...

"डॉक्टर," बाबांनी त्यांना थांबवलं. "तिला सांगा. अंडाशय तिचं आहे." आणि स्वतःची खुर्ची उचलून माझ्या मागे नेऊन ठेवली.

अंडाशय ठेवायचं, हे मी ठरवलं. गाठ निघाली. बायोप्सीत पुन्हा बॉर्डरलाइनच आली, पुढे गेलेली नव्हती. "लहान असताना सापडली, म्हणून अंडाशय वाचलं," डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे बघून.

हे वाचणाऱ्या मुलींनो, तुम्हाला आतून तपासणी नको असेल तर नाही म्हणा. तो तुमचा हक्क आहे. एमआरआयसारखे दुसरे मार्ग आहेत का, ते विचारा. पण तुमच्या वतीनं दुसऱ्या कोणाला नाही म्हणू देऊ नका. आणि 'दिसलं नाही' याला कोणी 'ठीक आहे' म्हटलं, तर टेबलावरून उठू नका.

मी आभार मानते सदाशिव पेठेतल्या त्या डॉक्टरांचे. बाबांचेही मानते, पण अजून थोडी चिडूनच. आता दर तपासणीला ते माझ्याबरोबर येतात, बाहेर पेपर वाचत बसतात. परवा काउंटरवरच्या नव्या मुलीनं त्यांना विचारलं, "काका, पेशंट मॅरिड की अनमॅरिड?"

"ती उभी आहे ना समोर," बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "तोंड आहे तिला. चांगलंच आहे."

गाठ परत येईल का, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. त्याच्याशी मी जुळवून घेतलंय. परवाही आत गेले, स्क्रीन माझ्याकडे वळवायला सांगितला, आणि उजवं अंडाशय स्पष्ट दिसेपर्यंत उठले नाही.