रोवण्याच्या चालीवर इंग्रजी कविता
धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, जुडी सोडली की येणारा चिखलाचा हिरवा वास मला अजून आठवीच्या इंग्रजीच्या पेपरपर्यंत नेतो. आमची स्वतःची जमीन नव्हती. आई लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोपं लावायला, रोवण्याला जायची आणि शाळा बुडवून मीही तिच्या बाजूला वाकायचे. "इंग्रजीत नापास झाली तं मंग रोवनंच कर," असं बाबांनी सांगून टाकलं होतं. नदीवरची एक कविता काही केल्या पाठ होत नव्हती; रोवतानाही मी तीच घोकत होते. "काय पुटपुटून राहिली व पोरी?" ओळीतल्या एका मामीनं विचारलं. मी सांगितलं. "मंग आमच्या चालीवर म्हन ना! आमी कोनत्या शाळेत गेलो? तरी गानी तोंडपाठ हायेत." मी रोवण्याच्या गाण्याच्या चालीवर पहिली ओळ म्हटली. बाया आधी हसल्या, मग मागून म्हणू लागल्या. एक शब्द कळत नसताना आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पेपरात तीच कविता पाठ लिहायला आली; तिसऱ्या कडव्यावर मी अडले. डोळे मिटून रोप खोचावं तशी बोटं बाकावर टेकवली, आणि आईच्या आवाजात पुढची ओळ आली. मी पास झाले. पुढे इंग्रजी साहित्य घेऊनच बी.ए. केलं. आमच्या घरातली ती पहिली पदवी.