मळकं विमान

नसरापूरच्या रिक्षा स्टँडवर बातमी आली ती अशी, की वरव्याच्या ज्ञानू पेंटरनं विमान घेतलं.

"घेतलं म्हंजी?"

"म्हंजी घेतलं. चार इंजिनाचं हाय."

"आन् ठिवलंय कुठं?"

"त्याच्या शेडात."

"आरं, त्या शेडात छोटा हत्ती घालताना आरसे मिटाया लागत्यात. तितं इमान कसं घुसलं?"

"पंख घडीचे असत्याल. तुला काय कळतंय त्यातलं!"

शेअर रिक्षा शिवऱ्याला पोचेपर्यंत विमानाला दोन पायलट लागले होते आणि परतीच्या फेरीत ते टोमॅटोचे क्रेट घेऊन थेट दिल्लीला निघालं होतं. शिवऱ्याच्या धनाजीनं तर भर रस्त्यात मोटरसायकल आडवी लावून ज्ञानूअण्णांना गाठलं.

"अण्णा, डायवर ठरला का? माझा मेव्हणा रिकामा हाय. लायसन हाय त्याच्याकडं. जड वाहनाचं."

"दे की लावून," अण्णा म्हणाले. "फकस्त त्याला सांग, करंगळीएवढा हून ये. शीट लई बारकं हाय."

तर खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. विमान होतं. चार इंजिनांचंही होतं. पण प्लास्टिकचं, या पंखापासून त्या पंखापर्यंत जेमतेम दोन वीत, आणि घेतलेलं नव्हे तर रंगवायला आलेलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज ज्या विमानातून जर्मनीवर बॉम्ब टाकत, त्याची ती हुबेहूब लहान प्रत. मालक भोरचे गंगाधरराव, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलानं, श्रेयसनं, परदेशातून खोकं पाठवलं, त्यात सुट्या भागांचा नुसता चुरा. गंगाधरराव सहा महिने ते भाग चिकटवत बसले. त्यात एकदा स्वतःचा अंगठा शेपटीला चिकटवून घेतला आणि त्यांच्या पत्नीला, शैलजाबाईंना, कोमट पाणी घेऊन धावावं लागलं. रंगाची वेळ आली तेव्हा त्यांनी ब्रश उचलला, पहिलाच थेंब पंखाऐवजी टेबलावर पडलेला पाहिला आणि ब्रश खाली ठेवला. मग कुणीतरी ज्ञानू पेंटरचं नाव घेतलं.

नाव घेण्यासारखंच होतं. चाळीस वर्षं हायवेच्या कडेला अण्णांनी टेम्पो, ट्रक, ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, काय काय रंगवलं. गंज खरवडायचा, पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा आणि वर असा रंग द्यायचा की मालकाला आपल्याच गाडीत बसायची लाज वाटावी. मागच्या फळीखाली बारीक अक्षरात सही: ज्ञानू पेंटर, नसरापूर. गाव वरवे, पण नसरापूर लिहिलं की गिऱ्हाईक लांबून येतं, असा त्यांचा हिशेब. आणि गाडी ताब्यात देताना एक रीत ठरलेली. मालकानं खिशातला पांढरा रुमाल काढायचा आणि बॉनेटवरून फिरवायचा. रुमालाला धूळ नाही, रंग नाही, काही म्हणजे काही लागलं नाही, की अण्णा म्हणायचे, "रुमाल पास." तोवर चावी मिळायची नाही. रुमाल नसलेल्या मालकाला ते शेजारच्या दुकानातून रुमाल आणायला लावायचे.

गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एका टेम्पोच्या कडेची लाल रेघ मधेच जरा वाकून पोटात आली. टेम्पोवाल्यानं रुमाल त्या रेघेला वळसा घालून फिरवला. तेच वाईट. पुढच्या खेपेला तो रेडियमचे स्टिकर लावणाऱ्या माऊलीकडं गेला, आणि त्याच्यामागं बाकीचेही.

अण्णांचा मुलगा कुमार वरव्याजवळच्या कंपनीत सुपरवायझर. बोलायला शांत, पण ठरवलं की ठरवलं. "अण्णा, तुमी लई केलं. आता बसा. शेड माऊलीला देऊ. त्याला जागा पायजेच हाय."

"आन् माजे रंगाचे डबे?"

"भंगारात."

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भोरहून विमानाचं खोकं आलं. अण्णांनी कुमारला शेडाच्या दारात बोलावून सांगितलं, "हे इमान हू दे. ज्या सायबाचं हाय तो सायेब पास म्हणला, तर शेड माजं. न्हाई म्हणला, तर डबे म्या माज्या हातानं भंगारात घालतो."

कुमारनं विमानाकडं पाहिलं, वडलांच्या चष्म्याकडं पाहिलं आणि हो म्हणाला. त्याला वाटलं, आता काय, फार तर महिनाभर.

दहा दिवसांनी गंगाधरराव स्वतः आले. इथं त्यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. त्यांचं प्रत्येक वाक्य "मुळात" या शब्दावरून सुटतं आणि "हात लावायचा नाही" या फलाटावर येऊन थांबतं. अण्णांची नात सारिका, म्हणजे हे लिहिणारी, भोरला त्यांच्या घरी जाऊन आल्यापासून त्यांची नक्कल करते. हनुवटी वर, चष्मा नाकाच्या टोकाला, एक बोट हवेत. "मुळात ही काच आहे. काचेला हात लावायचा नाही. मुळात ही आमची मांजर आहे. मांजरीला हात लावायचा नाही." वरव्यात या नकलेला मागणी आहे.

अण्णांनी फडकं बाजूला केलं. विमान असं चमकत होतं की गंगाधररावांना त्यात आपला चष्मा दिसला. वर हिरवा-तपकिरी रंग, पोटाला काळा, सगळा आरशासारखा. शेपटीखाली केसाएवढ्या अक्षरात: ज्ञानू पेंटर, नसरापूर.

"अहो ज्ञानू," गंगाधरराव खुर्चीच शोधू लागले, "मुळात हे काय शोरूममधून आणलंय का?"

"रुमाल फिरवा की, सायेब."

"रुमाल कसला! हे विमान तीस वेळा जर्मनीवर जाऊन आलंय. खालून तोफा, वरून पाऊस, चिखलातली धावपट्टी!"

"मंग आल्यावर कुणी धुतलं नसंल का?"

"युद्ध होतं, ज्ञानू! सर्व्हिसिंग सेंटर नव्हतं! ते मळलेलं पाहिजे. धूर पाहिजे, तेलाचे ओघळ पाहिजेत, रंगाचे टवके उडालेले पाहिजेत. आणि हे नसरापूर आधी पुसा. जर्मनीवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानावर नसरापूर!"

अण्णा फडक्याची घडी घालत राहिले. चाळीस वर्षं ज्या माणसानं डाग काढले, त्याला आता डाग लावायला सांगत होते. तेही नव्याकोऱ्या रंगावर.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "घाणच पायजे ना? देतो."

पहिल्या झटक्यात त्यांनी गंज दिला. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. टँकरच्या तळाला असतो तसा लालसर, पापुद्रे सुटलेला. सारिकानं मोबाईलवर फोटो पाठवला. लगेच फोन आला आणि बाहेर अंगणापर्यंत ऐकू आला. "मुळात अॅल्युमिनिअमला गंज चढत नाही!" अण्णांनी सगळा गंज पुसून काढला. आयुष्यभराच्या शत्रूला पहिल्यांदा प्रेमानं बोलावलं होतं, आणि तोही वशिला न लागता परत गेला.

मग ते शिकायला गेले. रोज दुपारी हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीच्या बाकावर. ट्रक थांबला की उठायचे आणि सायलेन्सरपाशी वाकायचे. धूर कुठून निघतो, कुठवर काळा असतो, कुठं तपकिरी होतो, पावसाचं पाणी त्यातून वाट कशी काढतं. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली ओघळ किती लांब जातो. क्लीनरचा पाय जिथं रोज पडतो तिथला रंग कसा आधी मेणचटतो, मग उडतो. एका ट्रकवाल्याला वाटलं, हा म्हातारा आरटीओचा माणूस आहे. त्यानं न मागता पीयूसी काढून दाखवली.

"ते नगं," अण्णा म्हणाले. "तुजी घाण लई ब्येस हाय. धू नगंस, उद्या परत बघाया येतो."

घरी शेडात निराळाच संसार मांडला. चुलीची काजळी, खडूची पूड, वरव्याच्या बांधावरची माती कापडातून गाळून, टर्पेंटाईनमध्ये कालवलेला तपकिरी रंग. टवक्यांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, त्याच्या टोकाला चांदीचा रंग, आणि नुसता स्पर्श. इंजिनांच्या मागं धुराचे पट्टे, आधी दाट, मग विरत गेलेले. पंखावर मेकॅनिक चालून चालून झिजलेली पायवाट. डोळ्यावर भिंग लावून, श्वास रोखून. रेघ कुठंही पोटात आली नाही. अण्णांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी दोन वेळा जेवले.

गंगाधरराव रविवारी येणार होते. बुधवारी अण्णांनी विमान उन्हाला म्हणून खिडकीत ठेवलं आणि नसरापूरला गेले. परत आले तर विमान टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालावर बसलेलं. स्वच्छ. नाकापासून शेपटीपर्यंत स्वच्छ.

सून वनिता पदराला हात पुसत बाहेर आली. "अण्णा, लई मळलं हुतं तुमचं इमान. म्हणलं सायेब यायचेत, काय म्हणत्याल, ह्यांच्यात फडकं माराया माणूस न्हाई. भांड्याच्या साबनानं घासलंय. आता कसं झाक दिसतंय!"

अण्णा भिंग घेऊन विमानावर वाकले. कुमार कंपनीतून नुकताच आला होता, तो दारातच थबकला. सारिकानं तोंडावर हात दाबला. सगळ्यांना वाटलं, आता डबे भंगारात.

अण्णांनी मान वर केली. "वनिता, खरं सांग. तुला कशाची घाण वाटली ती?"

"कशाची म्हंजी? धुराची. आन् कुठंतरी त्याल गळल्यालं. घासताना वासबी येत हुता म्या म्हणते."

"वास?"

"व्हय. डिझेलचा."

त्यात डिझेलचा थेंब नव्हता. अण्णा हसायला लागले ते थांबेनात. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसले. "वनिता, आजवर एवढं चांगलं मला कुणी बोललं न्हाई बघ."

वनितेला अजूनही कळलेलं नाही की तिचं काय चुकलं आणि काय बरोबर आलं. मात्र त्या दिवसापासून शेडातल्या वस्तूला ती सारिकाला विचारल्याशिवाय फडकं लावत नाही. परवा खरोखरच मळलेला ग्लास तसाच ठेवला होता.

शनिवारपर्यंत अण्णांनी सगळी घाण पुन्हा दिली, आणि पहिल्यापेक्षा सरस दिली, कारण आता हाताला रस्ता ठाऊक होता. या वेळी वरून बिनचमकीचं पारदर्शक लॅकर मारलं. घाण आतच कोंडली. साबण आणा, वनिता आणा, काही निघायचं नाही. शेवटी डाव्या पंखावर, मोकळ्या जागी, एक ओघळ काढला. ओला दिसणारा. जसा काही आत्ताच कुणाच्या कपातून सांडला.

"ह्यो कशाला?" सारिकानं विचारलं.

"ह्यो सायबासाठी. ह्यो बघितला की सायेब सोताच्या हातानं पुसाया जाणार."

"कोण? ते?" सारिकानं हनुवटी वर केली, बोट हवेत नेलं. "मुळात हात लावायचा नाही! अण्णा, ते स्वतःच्या मांजरीला हात लावत न्हाईत."

"लाव पैज."

पैज ठरली. अण्णा हरले तर नसरापूरच्या स्टँडवर सगळ्यांसमोर उभं राहून सारिकाकडून आपली नक्कल करून घेणार. सारिका हरली तर तीस दिवस गंगाधररावांची नक्कल बंद. घरात नाही, दारात नाही, मैत्रिणीत नाही. सारिकानं ताबडतोब टाळी दिली. इतकी सोपी पैज तिला आजवर कुणी दिली नव्हती.

रविवारी गंगाधरराव आले. कुमार मुद्दाम घरी थांबला होता, आणि माऊलीचा त्याला सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. विमान शेडात स्टुलावर. गंगाधररावांनी हात पाठीमागं बांधले आणि प्रदक्षिणा सुरू केली. एक. दोन. वाकून इंजिनाखाली पाहिलं.

"मुळात धूर बरोबर आहे."

कुमारनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा छताकडं.

"टवके... हं. चाललेल्या पायाचे आहेत. बरोबर." तिसरी प्रदक्षिणा. हात अजून पाठीमागंच. सारिका मनातल्या मनात स्टँडवरच्या गर्दीला नमस्कार करत होती.

डाव्या पंखापाशी ते थांबले. "अहो ज्ञानू! एवढं सगळं केलंत आणि हे काय? चहा सांडवलात?" आणि पाठीमागचा उजवा हात सुटला, खिशात गेला, पांढरा रुमाल घेऊन आला आणि पंखावरून फिरला.

ओघळ तिथंच.

त्यांनी रुमालाला थुंकी लावली आणि जोर लावून पुन्हा पुसलं. ओघळ तिथंच. रुमाल उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. कोरा. धूळ नाही, रंग नाही, काही म्हणजे काही नाही.

"दावा हिकडं," अण्णांनी रुमाल मागून घेतला आणि कुमारच्या नाकासमोर धरला. "काय म्हणतो?"

कुमारनं रुमाल बघितला. मग विमान. मग वडील. "रुमाल पास," तो पुटपुटला आणि मोबाईल घेऊन बाहेर गेला. "माऊली? न्हाई रं, शेडाचं न्हाई जमायचं. हितं काम चालू हाय."

गंगाधररावांनी विमान दोन्ही हातांत धरून उचललं, अगदी तान्ह्या बाळासारखं. बॉम्बच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला केसाएवढं नसरापूर होतं, ते त्यांना अजून दिसलेलं नाही. दारात आल्यावर सगळे आपल्याकडं बघतायत असं लक्षात आलं. त्यांनी हनुवटी वर केली. एक बोट मोकळं होत नव्हतं, म्हणून ते विमानासकट हवेत नेलं.

"मुळात," ते म्हणाले, "मी हात लावलेलाच नाही. मी फक्त रुमाल लावला."

असं वाक्य सहा महिन्यांत एकदा मिळतं. सारिकाची हनुवटी आपोआप वर गेली, बोट उठलं, तोंड उघडलं.

"तीस दिस," अण्णा म्हणाले.

तिनं तोंड मिटलं आणि साहेबांपुढं पाण्याचा तांब्या धरला.